एका अंगठ्यासाठी अख्खं गाव उपाशी

माझ्या रक्ताचा पहिलावहिला रिपोर्ट सगळाच्या सगळा नॉर्मल आला, तेव्हा मी तो लॅमिनेट करून घेतला. हसू नका. आयुष्यभर कॉलेजच्या ऑफिसात खुर्ची तापवलेला माणूस मी. शाळेपासून निवृत्तीपर्यंत एकाही कागदाने मला सगळ्या विषयांत पास केलेलं नव्हतं. आणि इथे साखर पास, चरबी पास, किडनी पास, थायरॉइड पास. लाल शाईचा एक ठिपका नाही. असलं प्रगतिपुस्तक कोण फाइलीत लपवून ठेवील? मी ते हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला उभं केलं. पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग रिपोर्ट. माझी बायको दोंडाईच्याची, आणि माहेरची धार तिच्या जिभेवरून धुळ्यात पस्तीस वर्षं राहूनही उतरलेली नाही. एका पाहुण्यासमोरच ती म्हणाली, की आता याला एक हार घातला की झालं.

नवं पोहायला शिकलेला माणूस विहिरीपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाला आत ढकलू बघतो, तसं माझं झालं होतं. रिक्षावाल्याला मी मागच्या सीटवरून पोटाच्या घेराचं महत्त्व सांगत असे. भाजीवालीला विचारत असे, की बाई, शेवटचं हिमोग्लोबिन कधी केलंत. ती म्हणायची, ते नाही आलं आज, गिलके घ्या. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस पुढच्या स्टॉपवर उठून उभा राहायचा आणि मग शेवटपर्यंत उभाच राहायचा. मला वाटायचं, चला, उभं राहण्याचे फायदे याला पटले.

अशा भरात मी दिवाळीला गावी गेलो. गाव रावेरच्या अलीकडे, सातपुड्याकडे तोंड करून बसलेलं. चारी बाजूंनी केळी. तिथे माझा थोरला भाऊ राहतो. त्याला मी भाऊच म्हणतो, सगळं गावही भाऊच म्हणतं. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, अंगाने अजून सागाचा वासा. दोन दिवसांत माझ्या लक्षात तीन गोष्टी आल्या. एक, भाऊच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. दोन, भाऊ तांब्याने पाणी प्यायचा आणि पुन्हा तांब्या मागायचा. तीन, वहिनी त्या चिंधीकडे बघायची आणि लगेच नजर दुसरीकडे वळवायची.

तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं, की पोळ्याच्या आसपास केळीच्या बागेत ठिबकच्या नळीचा खुंटा लागला होता. म्हणजे दोन महिने उलटून गेले होते. हळद झाली, झाडपाला झाला, रावेरच्या मेडिकलमधून आणलेलं मलम झालं. जखम तशीच. डॉक्टरकडे चला म्हटलं, की भाऊ उठून बागेत जायचा.

आता आमच्या घरात अंगठ्याची जखम ही साधी गोष्ट नाही. आमचे वडील, आबा, त्यांचंही अंगठ्यापासूनच सुरू झालं होतं. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. साखर होती हे कळलं ते पाय काढायच्या टेबलावर. त्यानंतर आबा चार वर्षं ओट्यावर बसून होते आणि मोठ्या आवाजात जाणाऱ्या-येणाऱ्याशी गप्पा मारत होते, कारण उठून कुणापर्यंत जाणं राहिलं नव्हतं. हे भाऊला माहीत नव्हतं असं नाही. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणूनच तो बागेत जात होता.

मी त्याला समजावलं. लॅमिनेट केलेला रिपोर्ट सोबत नेलाच होता, तोही दाखवला. भाऊने तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाला, की प्लास्टिक चांगलं जाड आहे. मग बागेत गेला.

परतीच्या बसमध्ये अमळनेर येईस्तोवर माझ्या डोक्यात बेत तयार झाला होता. भाऊ तपासणीकडे जात नाही ना? मग तपासणीच भाऊच्या दारात न्यायची. एकट्याची म्हटली तर तो पळणार. म्हणून गावभराची न्यायची. आरोग्य तपासणी शिबिर, मांडव, माइक, सगळं थाटात. आणि शिबिराचे अध्यक्ष कोण? भाऊ. उद्घाटन कसं? नारळ नाही, फीत नाही. अध्यक्षांनी स्वतःच्या रक्ताचा पहिला थेंब देऊन उद्घाटन करायचं. अख्ख्या गावासमोर नाही कसा म्हणेल? मला माझ्याच बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं, की मी शेजारच्या प्रवाशाला सगळं सांगितलं. तो उठून उभा राहिला.

जळगावच्या एका लॅबवाल्यांना मी गाठलं. ते अशी गाडी पाठवतात, दोन तंत्रज्ञ, वजनकाटा, बीपीचं यंत्र, सगळ्या तपासण्या. तारीख ठरली, संक्रांतीनंतरचा रविवार, सकाळी सात. फक्त एक अट, लोक रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता आले पाहिजेत. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

भाऊला फोन केला. अध्यक्षपद त्याने आढेवेढे न घेता स्वीकारलं, त्यावरूनच मला संशय यायला हवा होता. पण तो एका जागी अडला. लोकांना सकाळी उपाशी बोलवायचं हे त्याला मान्य होतं. उपाशी परत पाठवायचं, हे नव्हतं.

"लोकं आपल्या दारी उपाशी येतीन अन् उपाशीच जातीन? आबा असते तं तुले मांडवातून हाकललं असतं."

मग ठरलं. सातला रक्त, दहाला वरण-बट्टी. आमच्याकडे चार माणसं एका कामासाठी जमली की वरण-बट्टी होते, आणि दोनशे माणसं जमणार म्हटल्यावर तर प्रश्नच नव्हता. गव्हाच्या जाड्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात घोळायचे, वर वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी. मी आनंदाने हो म्हटलं. रक्त दिल्यावर माणसाने खावंच, शास्त्रही हेच सांगतं. शिवाय बट्टी मला आवडते, हेही एक शास्त्रच आहे.

मी चार दिवस आधी गावात मुक्काम ठोकला आणि घरोघर फिरलो. प्रत्येक घरी उपाशी राहण्याचं महत्त्व सांगितलं आणि प्रत्येक घरी चहा प्यालो, कारण न पिता उठलं तर त्या घराला राग येतो. गोड दुधाचा चहा, कपात चमचा उभा राहील असा. पहिल्या दिवशी चौदा घरं झाली. संध्याकाळी साखर टाळा असं मी माइकवरून सांगत होतो तेव्हा माझ्याच जिभेला पाक चढलेला होता.

शनिवारी दुपारी लॅबच्या ड्रायव्हरचा फोन आला. गावाचं नाव काय, कसं यायचं? आता आमच्या गावाच्या नावाचं आणखी एक गाव आहे, एक बुद्रुक, एक खुर्द, आणि बाहेरचा माणूस हमखास चुकीच्या गावाला जातो. पोस्टमनसुद्धा चुकतो. म्हणून मी अनुभवी माणसाच्या आवाजात सांगितलं, की नावावर अजिबात जाऊ नका. कुणाला विचारू नका. कुणी काही सांगितलं तरी ऐकू नका. मी लोकेशन पाठवतो, डोळे झाकून लोकेशनवर या.

आणि मी लोकेशन पाठवलं.

रविवारी सकाळी साडेसहाला मांडव भरलेला होता. मी म्हणतो भरलेला, म्हणजे खुर्च्या संपून लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले होते. स्वेटर, मफलर, शाली, तोंडातून वाफा. बायका एका बाजूला. शाळेतले दोन निवृत्त मास्तर पहिल्या रांगेत, हातात वही. प्रत्येकजण दुसऱ्याला विचारत होता, तू काही खाल्लं तर नाही ना. एकाने कबूल केलं, की सवयीने तंबाखूची चिमूट गेली तोंडात. त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. मी माइकवर निर्णय दिला, की चालेल. मला काहीच माहीत नव्हतं, पण माइक माझ्या हातात होता. भाऊ पांढऱ्या टोपीत, अंगठ्याला स्वच्छ नवी चिंधी बांधून अध्यक्षांच्या खुर्चीत बसला होता. आणि मागे गोवऱ्यांचा धूर नुकता सुरू झाला होता. काय सकाळ होती ती. मला वाटलं, अजून थोडी वर्षं आधी निवृत्त झालो असतो तर सगळा तालुका सुधारला असता.

सात वाजले. सव्वासात वाजले. फोन वाजला. मी माइकवरच म्हणालो, गाडी आली वाटतं. फोन बायकोचा होता. धुळ्याहून. माझ्या अशा उत्सवांना ती येत नाही.

ती शांतपणे, खास अहिराणीत म्हणाली, "गाडी आठे दारम्हा उभी शे. कोनं रगत देऊ, सांगा."

आठे म्हणजे इथे. इथे म्हणजे धुळ्यात, आमच्या दारात. मी फोन उघडून पाहिला. पाठवलेलं लोकेशन म्हणजे आमच्या धुळ्याच्या घराचं लोकेशन होतं. मागच्या महिन्यात गॅसवाल्याला पाठवायला जपून ठेवलेलं. 'माझं घर' असं लिहिलेल्या खुणेवर मी बोट टेकवलं होतं, आणि गावातल्या ओट्यावर बसून तेच मला घर वाटलं होतं. जळगावहून निघालेली गाडी रावेरच्या नेमक्या उलट दिशेला, हायवेने सुसाट धुळ्याला पोहोचली होती. ड्रायव्हरला वाटेत एकाने सांगितलंही होतं, की अहो, ते गाव इकडे कुठे? पण त्याला सक्त ताकीद होती, की कुणाचं ऐकायचं नाही.

मी मांडवामागे गोवऱ्यांच्या ढिगाआड बसून बायकोला विनवलं, त्यांना लगेच पाठव. ती म्हणाली, लगेच कसं पाठवू? रात्री चारला उठून आलेली पोरं आहेत, पोहे टाकलेत. आणि बिल्डिंगमधले सहाजण खाली उतरलेत, वॉचमनही आहे, गाडी आलीच आहे तर त्यांचं होऊन जाऊ द्या. तिने स्वतःचंही रक्त देऊन टाकलं. माझं दोनशे माणसांचं शिबिर अशा रीतीने धुळ्यात, जिन्याखाली, मोठ्या यशस्वीपणे सुरू झालं.

धुळ्याहून आमचं गाव साडेतीन तासांच्या वाटेवर. मी मांडवात परतलो आणि माइकवर सांगितलं, की गाडीला थोडा उशीर आहे. कुठवर आली, कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, निघाली आहे. हे खोटं नव्हतं.

आठ वाजले, मी पाणी पिण्याचे फायदे सांगितले. साडेआठला सगळ्यांना उभं करून हात वर, हात खाली करायला लावले. ट्रॉलीतल्या लोकांनी ते बसल्या बसल्याच केलं. नऊला मी शरीरातल्या अवयवांची माहिती दिली, आणि एका मास्तरांनी उभं राहून यकृताची जागा दुरुस्त केली. तोवर मी नको म्हटलेला उद्घाटनाचा नारळही फुटून गेला होता, कारण गुरव थांबायला तयार नव्हता. म्हणजे अध्यक्षांच्या रक्ताचा थेंब, माझा सापळा, तोही गेला. आणि साडेनऊला वाऱ्याची दिशा बदलली.

भाजलेल्या बट्टीचा वास ज्याने उपाशीपोटी घेतला नाही त्याला मी काय सांगणार. निखाऱ्यातून काढून गोणपाटावर घोळवल्या जाणाऱ्या बट्ट्या, दुसऱ्या चुलीवर तूप, तिसरीवर वांग्यात लसूण-मिरची. तो वास मांडवात शिरला आणि माझं भाषण कुणालाच ऐकू येईना. मलाही नाही. खरं सांगायचं तर मी मघाशी, मीठ बघायच्या निमित्ताने, पहिल्या खेपेची दीड बट्टी खाऊन घेतली होती. तरी माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बाकीच्यांचं काय होत असेल?

दहाच्या सुमाराला आमची शेजारची अक्का, आबांची मानलेली बहीण, वय ऐंशीच्या पुढे, खुर्चीतच एका बाजूला कलली. धावाधाव झाली. पाणी लावलं, डोळे उघडले. तिने आधी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, की तपासणी मेल्यावर करणार आहेस का?

भाऊ खुर्चीतून उठला. त्याने माझ्या हातातला माइक घेतला, पण त्यात बोलला नाही, बाजूला ठेवून दिला. त्याला माइकची गरज नसते. "पाट मांडा," एवढंच म्हणाला.

मी दोन्ही हात पसरून आडवा गेलो. शिबिर बुडेल, साखर चुकीची येईल, सगळी मेहनत वाया जाईल. दोनशे उपाशी माणसं माझ्या दोन हातांखालून, बाजूने निघून गेली, आणि मला वाटतं एखादा वरूनही. दहा मिनिटांत केळीची पानं मांडली गेली होती.

पंगत मात्र अशी झाली, की विचारू नका. शिबिराचं दुःख मी पाचव्या मिनिटाला विसरलो आणि पहिल्या पंगतीत बसलो. भुकेने तापलेलं गाव जेवताना बघणं हाच एक सोहळा असतो. पहाटेपासून पेशंटसारखे बसलेले लोक एकदम वऱ्हाडी झाले. मास्तर वही मांडीखाली ठेवून चौथी बट्टी फोडत होते. अक्का वाढणाऱ्याला हाक मारून तूप कमी घातल्याचं सांगत होती. आणि या सगळ्यातून, लंगडत, वरणाची बादली घेऊन, भाऊ फिरत होता. प्रत्येक पानासमोर थांबत, नको म्हणणाऱ्याच्या हातावर ओतत. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. बायकांची झाली. स्वयंपाक करणारे बसले.

अकरा वाजून गेले होते आणि गाडी आली. धुळीने पांढरी झालेली. त्यातून लॅबच्या ताई उतरल्या, साधारण माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मांडवाकडे पाहिलं. माणसं खांबांना टेकून बसली होती, कुणी पान लावत होतं, कुणी सरळ आडवं झालं होतं. उष्टी केळीची पानं म्हशींकडे चालली होती. ताईंनी मला विचारलं, तुम्हीच का ते लोकेशनवाले काका? मी म्हणालो, हो. त्या जास्त काही बोलल्या नाहीत. माझ्या बायकोचे पोहे त्यांच्या पोटात होते, त्याची भीड असावी.

त्यांनी जमेल ते सुरू केलं. वजन, बीपी, हिमोग्लोबिन. साखरही बोटाला टोचून बघितली, पण आता तिला अर्थ कमी होता. ज्याची जास्त निघायची तो ढेकर देऊन म्हणायचा, आत्ताच जेवलो ना, म्हणून वाढली असेल. मागचा हसायचा आणि स्वतःची पाळी आली की तेच म्हणायचा. दहाव्या माणसापर्यंत ते वाक्य अख्ख्या रांगेने एका सुरात म्हणायला सुरुवात केली. ताईंनी पेन खाली ठेवलं आणि उभं राहून विचारलं, की या एवढ्या गावात एकही माणूस उपाशी नाही का?

मग एकेक मान वळायला लागली. सगळ्यांच्या नजरा मागे चुलीपाशी गेल्या. भाऊ तिथे रिकामी बादली धूत होता.

आमच्या घरात यजमान शेवटचा पाहुणा हात धुऊन उठल्याशिवाय घास तोंडात घालत नाही. आबा तसेच करायचे. पुतणीच्या लग्नात भाऊ दुपारी साडेचारला जेवला होता, तेही वरातीची बस निघाल्यावर. आज लोक दारात उपाशी होते म्हणून त्याने सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता. गाडीवाले अजून जेवायचे होते, म्हणजे शेवटचा पाहुणा अजून उठलेला नव्हता. मी सापळा लावला, तो मीच मोडला, उपाशी ठेवलेलं गाव माझ्याच चुकीने जेवून उठलं. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं होतं, तेवढा एकच माणूस रात्रीपासून उपाशी उभा होता.

भाऊने हात झटकले. म्हणाला, की माझं राहू द्या, आधी पाहुण्यांची पानं वाढा. तो निघालाच होता. बागेची वाट तिकडूनच जाते.

अक्काने काठी आडवी धरली.

"बस खाली. आम्हाले बट्टी खाऊ घातली ना? आता तू सुई खाय."

ऐंशी वर्षांच्या बाईची काठी ओलांडणारा माणूस आमच्या गावात जन्मलेला नाही. भाऊ बसला. हात पुढे केला आणि तोंड दुसरीकडे केलं. ताईंनी बोट टोचलं. मी इतक्या जवळ उभा होतो, की त्यांनी मला दोनदा मागे सरायला सांगितलं. यंत्राने पाच सेकंद घेतले. आकडा आला दोनशे एकाहत्तर.

रांगेतून कुणीतरी सवयीने म्हणालं, आत्ताच जेवले असतील. आणि मग त्याच्याच लक्षात आलं.

ताईंनी भाऊच्या दंडातून आणखी रक्त घेतलं, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी लावली. मग त्या खाली वाकल्या आणि काही न विचारता त्यांनी चिंधी सोडली. जखम पाहिली, पाऊल दाबून पाहिलं, बोटांना पिसासारखा कापूस लावून विचारलं, कळतं का. भाऊ म्हणाला, कळतं. हे बरं आहे, त्या म्हणाल्या. पण उद्याच जळगावला या. आठवड्याने नाही, उद्या.

भाऊ म्हणाला, उद्या केळीची कापणी आहे, ट्रक लागणार आहे.

तेवढ्यात वहिनी बोलली. दिवसभरात ती बहुधा पहिल्यांदाच बोलत होती. "ट्रक मी भरून घेईन," ती म्हणाली आणि आत निघून गेली, भाऊचं धोतर काढून ठेवायला.

गाडीवाले जेवले. शेवटी भाऊ जेवला, दोन बट्ट्या, तूप न घेता. ताईंनी सांगितलं होतं म्हणून नाही, तूपच संपलं होतं. जाता जाता ताईंनी माझंही रक्त घेतलं, बीपी बघितलं आणि पट्टा पुन्हा बांधून पुन्हा बघितलं. त्या दिवसाचं गावातलं सगळ्यात वरचं बीपी माझं होतं. मी म्हणालो, अहो, माझा रिपोर्ट लॅमिनेट केलेला आहे. त्या म्हणाल्या, काका, तो मागच्या वर्षीचा आहे.

उन्हं कलली तेव्हा मी भाऊजवळ ओट्यावर जाऊन बसलो. मन खात होतं, म्हणून सांगून टाकलं, की शिबिर गावासाठी नव्हतं. तुझ्या अंगठ्यासाठी होतं.

भाऊ म्हणाला, "मले माहीत होतं. तू अध्यक्ष केलं तव्हाच समजलं. नारळ फुटला तव्हा वाटलं, सुटलो."

मी हसलो. तो हसला नाही. केळीच्या बागेकडे बघत म्हणाला, "आबांले गाडीतून उतरवलं ते म्या. तू होस्टेलले होता. एका पायाचा माणूस उचलाले किती हलका लागते, तुले नही माहीत."

मला खरंच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत त्याने ते कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. मी त्याच्या पायाकडे बघत बसलो. ताईंनी बांधलेली पट्टी पांढरीशुभ्र होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ जळगावला गेला. मी सोबत होतो, पण वाट विचारायचं काम त्याने माझ्याकडे ठेवलं नाही. गोळ्या सुरू झाल्या, पुढे काही दिवस इंजेक्शन, एक दिवसाआड ड्रेसिंग, पायात मऊ तळव्याची चप्पल. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, अंगठा राहील. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन बायकोला फोन केला आणि नुसतं अंगठा, अंगठा एवढंच म्हणत राहिलो. तिला वाटलं, मी पुन्हा चुकीच्या दवाखान्यात पोहोचलो.

गावात तोवर वेगळीच कथा पसरली होती. धाकट्याने काय डोकं चालवलं म्हणे, मुद्दाम गाडी धुळ्याला पाठवली, म्हणजे सगळे जेवतील आणि यजमान तेवढा उपाशी सापडेल. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नाकारलं. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा गप्प बसलो. तिसऱ्यांदा मी स्वतःच बारकावे पुरवले, वाऱ्याची दिशासुद्धा. बायको समोर बसलेली होती. तिने उठून माझा जुना रिपोर्ट टीव्हीजवळून काढला आणि त्या जागी शिबिरातला नवा ठेवला. तो लॅमिनेट केलेला नाही. त्यात तीन ठिकाणी लाल आहे. घरोघरचा चहा बहुधा.

आता रोज सकाळी पावणेसहाला भाऊचा फोन येतो. फिरायला निघालास का? निघालो म्हटलं तर त्याचा विश्वास बसत नाही. "लोकेशन धाड," म्हणतो. मग पांघरुणातून उठावं लागतं, कारण त्याला आता नकाशातला निळा ठिपका सरकतो की नाही ते बघता येतं, आणि 'माझं घर' ही खूण तर तो लांबूनच ओळखतो. तिकडे तोही बागेच्या बांधावरून चालत असतो, मऊ चपलेने. आम्ही दोघं दीडशे किलोमीटरच्या अंतरावरून एकत्र फिरतो. तो पाण्याचं सांगतो, मी बीपीचं सांगतो. धाप लागली की दोघंही गप्प होतो, पण फोन ठेवत नाही.

आणि दर रविवारी घरच्या ग्रुपवर एक फोटो येतो. लोक फुलं टाकतात, सूर्योदय टाकतात. भाऊ अंगठा टाकतो. डाव्या पायाचा, ओट्याच्या कडेवर टेकवलेला, सकाळच्या उजेडात, जवळून. सुरुवातीचे फोटो पाहून सुना जेवणाच्या वेळी ग्रुप उघडत नसत. मग जखमेचा रंग बदलत गेला, कडा जवळ आल्या, एका रविवारी पट्टीच नव्हती. परवाच्या फोटोखाली भाऊने पहिल्यांदा काहीतरी लिहिलं होतं. एका बोटाने, वेळ घेऊन लिहिलं असणार.

'नख नवं येऊन राह्यलं.'

मी मोठा करून पाहिलं. खरंच येत होतं.